सीटमधल्या पंख्याचा माफीनामा

आप्पा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, पण हे ऐकून तुमच्याइतकं दुसरं कोणी भडकणार नाही. गाडी माझ्या नावावर आहे. पाठ उकडू नये म्हणून तिच्या सीटमध्ये पंखा आहे. वर्षभर फिरला, मग बंद. बिघडला नाही, कंपनीने कुठूनतरी लांबून बंद केला. दरवर्षी वेगळे पैसे भरा म्हणे, मग फिरेल. पंखा माझा, वायर माझी, घामही माझाच! नातीने स्टेअरिंगखाली लॅपटॉप जोडला आणि अर्ध्या तासात कुलूप काढलं. तुमचीच पणती ती. पण सर्व्हिसिंगला शोरूमच्या मशीनने ‘चोरी’ पकडली. आता ‘आम्ही गाडीशी छेडछाड केली’ अशा माफीनाम्यावर मी सही केली नाही, तर गॅरंटी रद्द. तिथला टायवाला गोड हसून गुजरातीत म्हणाला, “बा, सही करी दो ने, खाली फॉर्मालिटी छे.” म्हणे नुसती फॉर्मालिटी! मी म्हटलं, “भाई, तुझ्या घरी येऊन तुझा पंखा मी बंद करते, आणि माफी तूच लिहून दे. चालशे?” तर मुलगा माझ्यावरच डाफरला, “आई, तमाशा नको.”

मला लहरीपुऱ्याचं आपलं गॅरेज आठवलं. मी नऊ वर्षांची. कारेलीबागेतले वकील गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेणार म्हणून मी तिच्यातला बोटाएवढा रोटर काढून परकरात खोचलाय. त्याच्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. वकील घामाघूम होऊन ती ढकलत घरी नेतात. संध्याकाळी रोटर सापडतो आणि तुम्ही भर गॅरेजात माझा कान पिळता. “ज्याची गाडी, त्याचा तिच्यातला खिळान्‌खिळा. आपण हात लावायचा तो चालू करायला, अडवायला नाही. जा, माफी मागून ये.” मी गेले, चालत. कान दोन दिवस लाल होता. या कंपनीवाल्यांचे कान पिळायला कुणी बापच नव्हता काय? अडवणारे ते, आणि माफी आम्ही मागायची!

सही झाली का, म्हणून मुलगा दोनदा डोकावून गेला. त्याच माफीनाम्याच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिलंय, म्हणजे कागद आता त्यांच्या कामाचा नाही. गॅरंटी गेली तर जाऊ दे. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी माफी मागितलीच नव्हती, आप्पा. रोटर वकिलांच्या पायरीवर ठेवला आणि पळाले. ती मागायला हवी होती.