एका दाताचा फरक

मंगळवार, ९ सप्टेंबर
दुपार, वर्कशॉपच्या माळ्यावरून

प्रिय दादा,

पत्राच्या सुरुवातीला 'तू खुशाल असशील' असं लिहितात. तू जिथे आहेस तिथे ते लिहिणं मला जमत नाही, म्हणून इकडचंच सांगते. आईचा गुडघा दुखतो, पण जिना चढते. वहिनीने शिवणकाम पुन्हा सुरू केलंय. तुझी लेक सगळ्यांना उलटून बोलते. परवा आईला म्हणाली, "आजी, किती बोलतेस! मोजपट्टीआत्याकडून शिक जरा." तू मला ठेवलेलं नाव तिने उचललंय.

वहिनी तुला तुरुंगात भेटून आली. तेवीस तारखेला सुटणार म्हणालास. आणि म्हणालास, "मिस्त्रीचा उजवा हात झाला, आता डावा. माझा बाप मारलाय त्यानं." हे पत्र त्या वाक्यासाठी आहे. तिथले साहेब आधी वाचतील. वाचू देत.

आधी पिकअपबद्दल. बाबांनी ती जुनी घेतली तेव्हा पुढच्या एक्सलच्या पोटात काहीच नव्हतं, आठवतं? "आधीच्या मालकाने दात विकून खाल्ले," असं बाबा हसत म्हणायचे. चारही चाकं ओढायला हवी असतील तर पुढच्या एक्सलमध्ये मागच्याच रेशोचे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे तितकेच फेरे घेणारे, गिअर घालावे लागतात. थोडाही फरक चालत नाही. पुढची चाकं एका वेगाने पळू बघतात, मागची दुसऱ्या, आणि मधला लोखंडी सांगाडा पिळला जातो.

म्हणून मागचा रेशो नेमका ओळखायचा होता. काम इथे वर्कशॉपच्या मिस्त्रींकडे होतं, त्यांची रीत तुला माहीत आहे. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. टायरवर खडूची रेघ, शाफ्टवर खडूची रेघ. एक चाक अडलेलं असतं, म्हणून उचललेलं दोनदा पूर्ण फिरवायचं आणि गाडीखाली झोपून शाफ्टचे फेरे मोजायचे. दहा मिनिटांचं काम. ते त्यांनी माझ्यावर सोपवलं. "घरात इंजिनीअरबाई असताना मी कशाला पाठ मळवू?"

मागच्या एक्सलच्या झाकणाच्या बोल्टखाली एक पत्र्याची पाटी होती. तिच्यावर छाप होता, ३.७३. म्हणजे मोठ्या चक्राला एक्केचाळीस दात, लहानाला अकरा.

दुपारी माझी मुलाखत होती. अंगात पांढरा शर्ट होता. मला गाडीखाली पाठ टेकायची नव्हती.

मी पाटी वाचली, आकडा लिहून दिला.

मिस्त्रींनी विचारलं, "मोजलंस ना? पाटी काय, कुणीही कुठलंही झाकण बसवतं."

मी म्हटलं, "हो."

नंतर कळलं, झाकण दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं होतं. आतल्या लहान चक्राला दहा दात होते. म्हणजे रेशो ४.१०. एका दाताचा फरक. चाक फिरवलं असतं तर शाफ्ट चार फेऱ्यांच्या पुढे गेला असता, आणि पाटी खरी असती तर चारच्या अलीकडेच थांबला असता. हा फरक डोळ्यांना दिसतो. तुझ्या लेकीलाही दिसला असता.

मिस्त्रींनी मी दिलेल्या आकड्याचे गिअर पुढे बसवले आणि गाडी मागच्या चिखलात चालवून पाहिली. चिखलात चाक घसरतं, चूक झाकली जाते. खाणीच्या उतारावर कोरडा खडक होता. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी फक्त नंतर पाहिलं. गाडीचं पोट फुटलं होतं, तुटलेला शाफ्ट गरगरत ब्रेकच्या नळीवर बसला होता, नळी कापलेली होती. तू हँडब्रेक इतका ओढला होतास की दांडा वाकला होता. बाबांच्या बाजूचा दरवाजा खाणीच्या वजनकाट्याच्या भिंतीत घुसला होता. त्यांना बाहेर काढायला पत्रा कापावा लागला. कटर मिस्त्रींनी धरला होता, दुसऱ्या कुणाचा हात स्थिर नव्हता. बाबांच्या छातीवर स्टिअरिंगचा नाही, डॅशबोर्डचा ठसा होता. तो मी पाहिला. आईला पाहू दिला नाही.

मग तेरावा दिवस. तू डोक्याच्या टाक्यांसकट वर्कशॉपमध्ये गेलास आणि मी तुझ्या मागे गेले. मिस्त्री हात धूत होते. तू त्यांचा उजवा हात धरून वाइसच्या लोखंडी जबड्यात घातलास आणि दांडा आवळलास. ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "अरे, थांब पोरा, थांब." तू चाकाचा पाना उचललास आणि विचारलंस, "ते गिअर कुणी ठरवले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू पाठमोरा होतास, तुला दिसलं नाही.

"मीच," ते म्हणाले.

तू सात वेळा मारलंस. मी मोजले. पाचव्यानंतर आवाज बदलला, हाडावर बसावा तसा राहिला नाही. सातव्याला ते गुडघ्यांवर आले, हात तेवढा वर अडकलेला. मी दाराशी उभी होते. माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही.

असं आधीही झालंय. मी रेडिएटरचं झाकण सैल ठेवलं, इंजिन तापून बसलं, आणि बाबांनी विचारलं कोणी केलं. तू माझ्याकडे पाहून "मी" म्हणालास. ते तुला फॅनबेल्टने मारत होते तेव्हा मी पायरीवर बसून मोजत होते. चौदा. नंतर तू पाठीला तेल लावायला मलाच सांगितलंस आणि म्हणालास, "रडू नकोस गं मोजपट्टी, तुला लागलं असतं तर बेल्ट तुटला असता." मी हसलेही होते.

मला मोजता येतं, दादा. मोजायचं असतं तेव्हाच मी मोजलं नाही.

मिस्त्रींची तीन बोटं कापावी लागली. अंगठा आणि करंगळी आहेत. दवाखान्यात मी त्यांना विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत. ते म्हणाले, "त्याच्या हातात पाना होता. तेव्हा तुझं नाव घेतलं असतं तर एका घरातून दोन तिरड्या निघाल्या असत्या. आणि पोरगा फाशीला." नंतर म्हणाले, "चूक माझीही आहे. विचारलं, पण बघितलं नाही. शिकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायला लाज वाटली."

ती नोकरी मला मिळाली होती. मी गेले नाही. आता मी इथेच काम करते, त्यांचा उजवा हात म्हणून. ते डाव्या हाताने दाखवतात, मी आवळते. शिव्या दोन्ही हातांच्या देतात. वहिनीला वाटतं मी दया म्हणून आले. तिला अजून माहीत नाही. आईला काल सांगितलं. तिने माझ्या थोबाडीत मारली आणि मग ताट वाढलं. त्यानंतर बोललेली नाही.

आज सकाळी चौकीत जाऊन लेखी जबाब दिला. गिअर मी ठरवले, मोजले असं खोटं सांगितलं. हवालदार म्हणाला, "एवढ्या उशिरा कशाला उकरताय बाई?" मी म्हटलं, तारीख घाला आणि सही घ्या. एक प्रत मिस्त्रींना दिली. त्यांनी वाचली नाही, घडी करून खिशात ठेवली.

तू माफ करावंस म्हणून लिहीत नाही. बाबांना त्यांनी मारलं नाही, एवढं तुला कळायला हवं. डावा हात त्यांचा शेवटचा आहे.

पिकअप मागच्या अंगणात तशीच आहे. टप चेपलाय, पण मागचा एक्सल शाबूत आहे. बोल्टखालची पाटी मी काढलेली नाही. तेवीसला मी फाटकाशी येईन. घरी जायच्या आधी इथे चल. खडू मी आणेन, जॅक मी लावेन. चाक तू फिरव, फेरे तू मोज. कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस, माझ्याही नाही.

त्यानंतर तुझा हात उठलाच तर मिस्त्री आत बसलेले असतील आणि मी बाहेर, तुझ्या समोर. या वेळी दाराशी नाही.

जिच्या वाट्याचा मार आधी तू खाल्लास आणि मग त्यांनी,
ती तुझी धाकटी बहीण