दुसऱ्या मरीयेची जागा

प्रिय वाल्बुर्गा मावशी,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? (किती वाकतो ते अंशांत लिही, ‘बरा आहे’ यावरून मला काही कळत नाही.) इकडे बर्फ वितळलं आणि काल आपल्या ईस्टरच्या नाटकाच्या रंगीत तालमीत देवदूत पळाला.

पळाला म्हणजे घसरत गेला. येशूच्या कबरीचा धोंडा दरवर्षी अडकतो आणि मागून चार पुरुष तो ढकलतात, म्हणून फादर अलोइसनी यंदा तो माझ्याकडे दुरुस्तीला दिला. मी खाली बेअरिंगची चाकं बसवली. बेचाळीस किलोचा लाकडी धोंडा एका बोटाने सरकू लागला. शुभवर्तमानात पुढे देवदूत त्याच धोंड्यावर बसतो, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. बेकरीवाला कोर्बिनियान (एकशे चार किलो, पंखांसह एकशे सात) ऐटीत बसला आणि धोंड्यासकट उतारावरून थेट वाजंत्र्यांत गेला. ‘‘भिऊ नका!’’ हे आपलं वाक्य त्याने वाटेत म्हटलं.

फादर म्हणाले, ‘‘ब्रेक बसव, बाई. आणि यंदा दुसरी मरीया नकोच. मग्दालीया मरीया बोलते तरी. दुसरी नुसती कबरीसमोर बाकावर बसते. त्यात वाल्बुर्गाही येणार नाही म्हणते.’’

मी वाद घातला नाही. ब्रेक बसवला. त्याची पायपट्टी बाकाखाली आहे, डाव्या टोकाला, तुझ्या जागी. तिथे बसून कोणी ती दाबली नाही, तर देवदूताला बसता येत नाही. फादरनी आराखडा बघितला आणि दुसरी मरीया परत यादीत लिहिली.

येशूचे सगळे शिष्य पळाले तरी आई मग्दालीया आणि तू दुसरी मरीया होऊन सत्तावीस वर्षं त्या बाकावर बसून राहिलात. लहानपणी मला वाटायचं, तुम्हाला चांगलं काम मिळालं नाही. काल मोजमापासाठी मी तिथे एकटी सहा मिनिटं बसले. आई गेल्यावर तू त्या बाकाचं नाव का काढत नाहीस, ते कळलं.

पायपट्टीला बारा किलोचा जोर लागतो. बरा पाय पुरेल.

तुझी,
ओटिली

ता. क. ब्रेक देवदूताच्या बुडाखालीही बसला असता. बाकापर्यंत ओढलेली तारसुद्धा वाचली असती. फादरना सांगू नकोस.

आणखी एक. मग्दालीया मी होते आहे. आईची शाल मला चार बोटं लांब होते. गाडी शुक्रवारी दोन सोळाला येते. ब्रेक कोर्बिनियानची बायकोही दाबेल. तू नुसती शेजारी बस.