नानांचा जांभळा शिक्का

गुरुवार, संध्याकाळ. तात्यापारा, रायपूर.

अजून डोकं तापलेलंच आहे. माझ्या पोट्ट्याने बोलावलेला तो संग्राहक आज येऊन गेला. माझ्या वडिलांच्या, नानांच्या वाचनालयातले जुने अमेरिकन कॉमिक्स चाळून म्हणे, "ये कंपनी कब की बंद हो गई, इसीलिए तो भाव है। पर ये ठप्पा? सब खराब कर दिया।"

ठप्पा म्हणजे वाचनालयाचा जांभळा शिक्का. कोणी कॉमिक दाबून ठेवू नये म्हणून नाना तो प्रत्येक हिरोच्या ऐन कपाळावर मारायचे.

कंपनी बुडाली, तिचे हिरो दुसरीने विकत घेतले, आता टी-शर्टांवर मिरवून राहिले. इकडे रायपूर राजधानी झालं, रस्ता रुंद झाला, त्यात वाचनालय पाडलं. त्या कंपनीचं बुडणं मोलाचं अन् आमचं बुडणं डाग? काहून?

तो गेल्यावर पोट्टा स्पिरिट अन् कापूस घेऊन बसला. आजोबाचा शिक्का पुसायले! मी समोर बसून पाहत राहिलो.

घासून घासून शेवटी तोच ओरडला, "पापा, चेहरा उड़ गया, ठप्पा वैसा का वैसा है!"

"हव," म्हटलं, "घास अजून."