आईच्या मुठीचे ग्रॅम

५ जुलै

मैदा झाला! आईची एक मूठ म्हणजे चोपन्न ग्रॅम. पाच मुठी काट्यावर घालून पाचाने भागलं.

कपाचे ग्रॅम मला तोंडपाठ आहेत, माझे सगळे केक त्यावरच होतात. पण आईच्या नानकटाईत कप नाही, वाटी नाही. मैदा पाच मुठी, बेसन दोन, रवा एक, पिठीसाखर तीन. तूप? 'पीठ मागंल तेवढं.' माझी मूठ कधी सैल, कधी घट्ट; तिनं केली की दगड होतो. पुण्याहून दादा फोनवर म्हणतो, नेटवर बघ. नेटवर आईचा हात आहे का?

आई काट्याकडे बघून हसली. "जित्या माणसाचं माप घ्याय लागलीस व्हय गं?" मी म्हटलं, गप मोज. मोजलं तिनं— "लाभ, दोन, तीन..." मोजताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. पाचव्या मुठीला धाप लागली. "दमलो बग. बाकीचं उद्या."

८ जुलै

उद्या काही उजाडत नाही! "आज नगं."

१५ जुलै

बेसन आणि रवा. कसेबसे.

२६ जुलै

मोजून मिळाली एकदाची पिठीसाखर. मूठ बेचाळीस ग्रॅम.

२७ जुलै

पहिला घाणा. फिका, कोरडा, बोटात भुगा. आई कॉटवर होती, तिला एक नेऊन दिली. परत आले तर बशी रिकामी. "लई झ्याक! माझ्या हातचीच म्हण की."

खोटं! जन्मभर माझ्या हातच्या भाजीला नावं ठेवल्याशिवाय जिला जेवण गेलं नाही, ती ही कोरडी माती झ्याक म्हणते? मला काय भीक घालते? चिडले. मग सगळं पावसावर ढकललं. या हवेत पिठं बिघडतातच.

३० जुलै

नवीन मैदा, नवीन साखर. पुन्हा भुगा. पुन्हा "झ्याक".

भाकरी नको म्हणाली, पेज प्यायली. "दाढ दुखतीया."

२ ऑगस्ट

भांडी घासताना डोक्यात आलं. मैदा महिन्याच्या सुरुवातीला मोजला, साखर शेवटी. मधल्या दिवसांत हात तोच राहिला का?

पुन्हा मैदा मोजायला लावला. चोपन्नाची मूठ आता एक्केचाळीस. काटा बंद करून चालू केला. एक्केचाळीसच.

मनगट धरून बघितलं. बांगडी वर सरकली ती कोपराला जाऊन थांबली. रोज तिची वेणी मी घालते, मी! मला दिसलं नाही. नानकटाईचा भुगा झाला तेव्हा कळलं. फार भीती वाटते आहे.

दादा म्हणाला, "वय झालंय, अंग उतरतंच. तू उगीच घाबरतेस." मी फोन ठेवून दिला.

४ ऑगस्ट

आज सगळं एका बैठकीत. पाठीला उशी देऊन बसवलं, एकामागून एक चारी डबे पुढे धरले. "लाभ," म्हणताना आवाज घोगरा. एकच हात, एकच दिवस. आकडे सगळे कमी आले, पण जमले एकमेकांना.

झाली! वर बारीक तडे, जिभेवर ठेवली की विरघळते. ओट्यापाशी उभी राहून रडले. आईला नेऊन दिली. थोड्या वेळानं हाक मारून म्हणाली, "आता बरूबर हाय."

उद्या तिला डॉक्टरांकडे न्यायचं. नको म्हणाली तरी न्यायचं.

५ ऑगस्ट

रिक्षा दारात होती. अंथरूण झटकताना उशीखाली कागदाची पुडी लागली. नानकटाया. दोन भुग्याच्या, एक कालची. एकीलाही दात लागलेला नाही.

"घशाखाली उतरंना गं, तेजू. लई दिस झालं. तुजं तोंड बगून सांगवंना."

डॉक्टर विचारतील, कधीपासून? पुडी पिशवीत घातली आणि तिच्या पायात चप्पल सरकवली.