राजानंदचा बायोडेटा

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ९.
संकल्प: गोड बंद. कॉलेजच्या राजकारणात तोंड घालायचं नाही. शेजाऱ्यांच्या आयुष्यात तर मुळीच नाही.
समोरच्या घरातला राजानंद आत्ताच येऊन गेला. बियाणं कंपनीत फील्ड ऑफिसर. बायको वारून पाच वर्षं झाली, अकरा वर्षांच्या अर्पिताला एकटाच वाढवतोय. म्हणाला, आई लई मागं लागलीय, दुसरं लग्न कर म्हणून. सोमेश्वर सर, तुमचं मराठी एक नंबर. बायोडेटा लिहून देता का?
तीन वर्षं रोज संध्याकाळी या माणसाबरोबर चहा पितो, त्याच्या पोरीचं गणित घेतो, आणि मला हे आज कळतं. वाईट वाटलेलं नाही. पण काही पद्धत असते की नाही?

६ जानेवारी.
ठरलं. बायोडेटा असा लिहायचा की अख्ख्या अंबडमधून एक बाई फिरकणार नाही. त्याचे सगळे दोष, प्रामाणिकपणे.

९ जानेवारी.
दोष लिहून झाले. वाचून पाहिले.
'डबा भरताना गुणगुणतो. सूर लागत नाही, पण थांबला की घर सुनं वाटतं.' खोडलं.
'शिवारातून येतो तेव्हा केसांत कापूस अडकलेला असतो. कुणीतरी काढून द्यावा लागतो.' हेही खोडलं.
'उंची: माझ्यापेक्षा चार बोटं जास्त.' अर्पिता म्हणाली, सर, उंची फुटात लिहितात. वर मी सवयीनं 'श्री गणेशाय नमः' टाकलं होतं, तेही तिनंच खोडून 'नमो बुद्धाय' केलं. बावीस वर्षं मराठी शिकवतोय. आता पाचवीतली पोर माझे पेपर तपासते.
शेवटचा रकाना: अपेक्षा. राजानंदला विचारलं, काय लिहू? म्हणाला, तुम्हीच टाका, तुम्हाला बराबर माहितीय.
याला विश्वासघात म्हणतात. ज्याला विचारायचं, त्यालाच लिहायला बसवायचं. (म्हणजे काय विचारायचं, ते मलाही सांगता येणार नाही. झोप कमी झालीय.)
टाकलं: 'स्वभाव शांत. वाचनाची आवड. मुलीचं गणित घेणारी. चहात साखर कमी. वय अठ्ठेचाळीसपर्यंत चालेल.'

१४ जानेवारी, संक्रांत.
राजानंदनं तिळगुळाच्या तीन वड्या दिल्या. सणाला नाही म्हणत नाहीत. गोड उद्यापासून बंद.
बायोडेटा टायपिंगला दिला. संपर्क म्हणून माझा मोबाईल नंबर टाकला. राजानंद दिवसभर शिवारात असतो, तिथं रेंज नसते. निव्वळ व्यावहारिक विचार.

१९ जानेवारी, रविवार.
त्याची आई, मालनबाई, गावाहून मुक्कामाला आल्यात. आल्या आल्या बायोडेटा समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लावला. दुपारपर्यंत तीन फोन.
एक बदनापूरची नर्स. आवाजात उत्साह फार. कळवतो म्हणालो.
दुसरी परतूरची शिक्षिका. शिक्षिका असून 'मी आली होती' म्हणाली. विषय संपला.
तिसरीच्या भावानं विचारलं, तुम्ही मुलाचे कोण? 'जवळचे' म्हणालो. शेजारी म्हणालो असतो तर काय जीभ झिजली असती?

२ फेब्रुवारी.
एकूण नऊ. नऊही निकालात काढल्या.
नववी ज्योत्स्ना, जालन्याला बँकेत. अर्धा तास बोललो, एक खोट सापडेना. शेवटी सांगितलं, मुलगा घोरतो. म्हणाली, मी पण. इतका निर्लज्जपणा! मग म्हणालो, त्याचं ठरलंय.
राजानंद रोज विचारतो, आला का सर एखादा फोन? मी नकारार्थी मान हलवतो. तो म्हणतो, असू द्या, जल्दी काय आहे? आणि चहा गाळतो. लग्नाला उभ्या राहिलेल्या माणसानं थोडं तरी तगमगावं. हा माझ्या प्रयत्नांचा अपमान आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.
अनर्थ.
मालनबाई चष्मा लावून, कागद हातात घेऊन दारात. मागं राजानंद. म्हणाल्या, चार आठवडे झाले, एक फोन कसा येऊन न्हाई राह्यला? मंग कागदच वाचला. शांत, वाचणारं, पोरीचं गणित घेणारं, बिनसाखरेचं. आवो सर, हे तर तुमीच हाव! अन् नंबर बी तुमचाच!
मी रेंजचा मुद्दा मांडला.
त्या म्हणाल्या, किती पोरी पळवल्या?
नऊ म्हणालो. खोटं बोलायला वेळ मिळाला नाही.
तेवढ्यात राजानंद शांतपणे म्हणाला, आई, प्रिंट आणायला मीच गेल्तो. नंबर मी तवाच पाह्यला. म्हणलं बघू, सर एकीला तरी हो म्हणतात का.
मालनबाई एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मंग मला कशाला येड्यावानी फिरवलं रे? आणि पिशवी भरून गावाच्या एसटीला निघाल्या. जिन्यात थांबून एवढंच म्हणाल्या, पोरीचं गणित बुडू देऊ नका.

सायंकाळी ६.
म्हणजे त्याला माहीत होतं! मी महिनाभर त्याला फसवत होतो आणि तो आरामात फसत बसला होता. जन्मात इतका मोठा दगा कुणी दिला नाही. आत्ता जाऊन जाब विचारणार. तीन मुद्दे काढलेत. आवाज चढवायचा नाही. चहाला हात लावायचा नाही.

सायंकाळी ६.४०.
जाऊन आलो.
दार उघडंच होतं. अर्पिता शिकवणीला गेलेली. राजानंद दोन कप मांडत होता. वर न बघता म्हणाला, ये सोमेश्वर. बस.
ये. बस. आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन. बावीस वर्षं हेच शिकवतोय.
तिन्ही मुद्दे विसरलो. तोंडातून निघालं, नको, तुम्ही बसा.
आणि घरी आलो.