एकेचाळिसावा बिल्ला आणि मावल्याचे घर

मी, बयनाबाई चंपत मुनेश्वर, वय चौपन्न, विधवा, धंदा शिवणकाम व जरीकाम, राहणार मावला, जिल्हा आदिलाबाद, हे कोणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. घशातल्या गाठीने आवाज गेला. अक्कल शाबूत आहे.

१. माझे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर एकुलत्या मुलीला, भागीरथाला, द्यावे. माझे दीर बापूजी यांचा त्यावर काडीचा हक्क नाही. कारण लिहिते.

१९९६ साली सिकंदराबादच्या व्यापाऱ्याने चाळीस कापडी बिल्ले जरीने भरायला दिले. दुसऱ्या महायुद्धात विमाने चालवलेल्या परदेशी बायकांच्या पंखाच्या बिल्ल्यांच्या या नकला, त्यांच्या सन्मानासाठी. भागीरथा तेव्हा बी.एस्सी.ला होती. नमुन्याचा फोटो पाहून म्हणाली, "आई, ह्या बायांनी विमानं उडवली वं! मी बी उडवीन." मी हसले. तिने खरोखर अर्ज भरला.

पुढल्या वर्षी हवाई दलाचे निवडीसाठी बोलावणे आले. पत्र माझ्या हाती पडले तेव्हा ती कॉलेजात गेली होती. बापूजी म्हणाले, "पोरगी तिकडं गेली तं लगन कोन करन तिच्याशी? दाबून ठेव ते पत्र." मी दाबले. ती रोज पोस्टमनची वाट पाहायची आणि मी मान खाली घालून मशीन चालवायची. तारीख गेली. तिचे जैनथला लग्न लावले. दोन वर्षांनी माझ्या पेटीत तिला पत्र सापडले. तिने ते वाचले. घडी करून होते तिथे ठेवले आणि निघून गेली. परत आली नाही.

२. त्या कामात एक बिल्ला जास्तीचा, तिच्यासाठी, भरला होता. तो आणि ते पत्र तिला द्यावे. जाळायचे तर तिनेच जाळावे.

३. मशीन आणि उरलेला जरीचा दोरा शेजारीण द्वारकाबाईला. चमच्याने पेज तीच पाजते.

४. माझ्या अंत्यविधीला त्रिशरण म्हणावे. अग्नी भागीरथाने द्यावा. ती न आल्यास द्वारकाबाईने. बापूजींनी नाही.

सही करण्याआधी जोडते: द्वारकाबाई आज जैनथला जाऊन आली. भागीरथाने सांगितले, "तिले म्हना, मले घर नोको. माहं तवाचं वय वापस दे."

ते माझ्या मिळकतीत नाही. जे आहे ते लिहून दिले. तिने नाकारले तरी कलम एक कायम.

सही: बयनाबाई चंपत मुनेश्वर

साक्षीदार:
नरसिंगराव दुर्गे, शिक्षक
पद्मिनी भरणे, नर्स

मावला, १२ नोव्हेंबर २००२