ओर्लाबाई कथा पाठवून राहिल्या

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. संपादकाच्या पत्रव्यवहाराला पुढे मोल येतं, तेव्हा तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.
आमच्या दैनिकाचे मालक योगेशबाबूंनी (वय तेहतीस, कवितेची ॲलर्जी) काल केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, गजेंद्रकाका, तुमचं साहित्याचं पान कोचिंग क्लासवाले मागून राहिले. दिवाळी अंकात काही दणदणीत असन तर सांगा, नाई तर पान देऊन टाकतो. बावीस वर्षांचं माझं पान! मी शांतपणे म्हणालो, आयर्लंडच्या मोठ्या लेखिकेची नवी कोरी कथा येतेय. ओळख आहे काय, म्हणाले. पत्रव्यवहार आहे, म्हणालो.
संध्या. ७. पत्रव्यवहार सुरू केला. गॉलवेच्या ओर्ला टिमनी. ज्यांचा ईमेल पत्ता सापडला त्या एकट्याच.
सीमा (पत्नी, भातकुलीच्या शाळेत इंग्रजी शिकवते) म्हणाली, पाठवायच्या आंधी मले दाखवा न. दाखवलं नाही. शाळेचं इंग्रजी वेगळं, संपादकाचं वेगळं.

९ ऑगस्ट, शनिवार
उत्तर आलं! भारतातून पहिल्यांदाच कोणी कथा मागितली म्हणतात. माझी शैली त्यांना 'अनयुजुअल' वाटली. ऑफिसात तिघांना वाचून दाखवलं.
लगेच लिहिलं: 'माय रीडर्स आर वेटिंग अँड स्टेइंग.' नुसतं 'वेटिंग' फार कोरडं वाटत होतं.

१४ ऑगस्ट
ओर्लाबाई विचारतात, तुमचे वाचक नक्की कुठे राहिले आहेत, सगळ्यांना जागा पुरते का? अस्सल आयरिश विनोद. मीही हजरजबाबी उत्तर दिलं: 'नो प्रॉब्लेम, ऑल आर स्टेइंग.'
अमरावतीची आणि घराची माहिती दिली. संत्र्याची बाग, स्वतंत्र ग्रंथालय, व्हरांडा. थोडं साहित्यिक झालं. संत्र्याचं झाड गॅलरीत आहे, कुंडीत. ग्रंथालय लोखंडी कपाटात, वरच्या दोन खणांत. खाली ब्लँकेटं.

२ सप्टेंबर, मंगळवार
तीन आठवडे कथा नाही. दोन पत्रं पाठवली. दोन्हींच्या शेवटी, ठळक अक्षरांत: 'व्हेन यू आर सेंडिंग अँड स्टेइंग?' संपादकाला कधी कधी कडक व्हावं लागतं.
योगेशबाबूंना सांगितलं, कथा वाटेत आहे. त्यांनी अर्ध्या पानाची जाहिरात टाकली. माझा फोटो मोठा, ओर्लाबाईंचा लहान. मी सांगितलं नव्हतं, फक्त माझा फोटो मोठ्या साइजमध्ये दिला होता.

९ सप्टेंबर, मंगळवार
ओर्लाबाई स्वतः येताहेत!
महिनाअखेरीस मुंबईत त्यांचं कथावाचन आहे. लिहितात, तुम्ही प्रत्येक पत्रात इतक्या आग्रहाने राहायला बोलावलंत, आता नाही म्हणणं वाईट दिसेल. कथा हातानेच आणते, बागेजवळची कुठलीही खोली चालेल, आठ दिवस राहीन.
मी बोलावलेलं आठवत नाही. पण मोठ्या माणसांना ओढ लागते ती अशीच.

सायं. ६. सीमाने पत्रं वाचली. मी दिली नव्हती, प्रिंट टेबलावर होते. अर्धा तास हसत होती. म्हणे, आपण वाट पाहून राहिलो म्हणतो, त्यातलं राहिलो काय राहाचं असते? नुसतं वेटिंग लिवाचं! ते बिचारी समजली, राहाले बलावून राहिले.
व्याकरणाच्या माणसांना भाषेतला जिव्हाळा कळत नाही.

११ सप्टेंबर
निश्चय: रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐकायच्या आणि मोठ्याने बोलायचं. बाईंना समोरासमोर प्रभावित करायचं.
ऐकल्या सात मिनिटं. निवेदिका फार भरभर बोलते. दोष चॅनलचा.

२१ सप्टेंबर, रविवार
घसा धरला. इंग्रजीचा याच्याशी संबंध नाही, हवा बदलतेय. डॉक्टर म्हणाले, घसा साफ आहे. डॉक्टर बदलावा.

२५ सप्टेंबर
मार्ग सापडला! मुंबईहून येणारी गाडी बडनेऱ्याच्या, म्हणजे आमच्या स्टेशनच्या, आधी अकोल्याला थांबते. तिथे भगवंतराव आहेत, दैनिक 'मोर्णाकाठ'चे साहित्य संपादक. घर मोठं, इंग्रजी दहा शब्दांचं. म्हणजे गंभीर चर्चेचा धोका नाही. बाईंना कळवलं, प्रकृती नाजूक, अकोल्यालाच उतरा. पाहुणचार त्यांचा, कथा माझी. सीमाचं माहेर अकोल्याचंच. तिने शाळेतून रजा घेतली, सोबतीला जाते म्हणाली. कथा ताब्यात घ्यायला घरचंच माणूस. डाव बिनचूक आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार
भगवंतरावांचा फोन. मागे हसण्याचा गलका. काल बाईंना अकोटला कापसाची जिनिंग दाखवली, आज शेतात गोवऱ्यांवर रोडगे भाजले, बाईंनी चार खाल्ले. मी विचारलं, बोलता कोणत्या भाषेत? म्हणाले, ते इंग्रजी बोलते, मी वऱ्हाडी बोलतो, मंधात सीमाताई. मस्त चालून राहिलं. तुमी काहून नाई आले?
मी खोकलो.

५ ऑक्टोबर
बाई परत गेल्या. माझ्यासाठी मधाची बाटली ठेवून गेल्या, घशाला. सीमाला म्हटलं, कथा दे. म्हणाली, आणलेली त्याइनं फाडली, तिथंच बसून नवी लिवली.
म्हटलं, तीच दे.
म्हणाली, ते भगवंतरावाले देली.
मी ओरडलो, माझी कथा त्याला कशी दिली? (घसा उत्तम आहे.) सीमा म्हणाली, त्याइनं सरळ इचारलं, बाई, आमाले देता काय? मी इंग्रजीत सांगतलं, ते हो म्हणे. तुमी तं भेटालेबी नाई आले.

१२ ऑक्टोबर
दिवाळी अंकात कथेसाठी राखलेली दोन पानं रिकामी. माझी दीर्घ कविता टाकणार होतो. योगेशबाबूंनी क्लासची जाहिरात टाकली. दहावी-बारावी, इंग्रजीची खास बॅच.

१८ ऑक्टोबर, शनिवार
'मोर्णाकाठ'चा दिवाळी अंक आला. पान नऊ. कथा: ओर्ला टिमनी. अनुवाद: सीमा.
उभ्याउभ्याच वाचायला घेतली, चुका काढायला पेन्सिल हातात होती. नंतर खाली बसलो. एका म्हाताऱ्या बाईची गोष्ट आहे, ती परक्या शेतात पोचते आणि तिला कोणी विचारत नाही की कशाला आलीस. मराठी इतकी सरळ, की मला हेवा वाटला. बावीस वर्षं माझ्या घरात हे लिहिणारं माणूस होतं आणि मी त्याला कधी एक ओळ मागितली नाही. लाज वाटली, खरंच वाटली. पेन्सिल ठेवून दिली.

दु. ४. योगेशबाबूंचा फोन. कथा त्यांनीही वाचली, दोनदा. म्हणाले, काका, पान बंद नाई करत. मनात आनंद मावेना. मी म्हणालो, पुढच्या अंकाची आखणी तयार आहे, उद्याच आणतो.
म्हणाले, ते राहू द्या. काकूंचा नंबर पाठवा.
पाठवला.